कंदील उलटा करून बघा

हिंगोलीत जुना कंदील हवा असेल तर ‘अँटिक’ अशी पाटी शोधत फिरू नये. इथे माल तीन वाटांनी येतो. पहिली वाट मोडीची. घरातलं पितळ-तांबं वजनावर घालायचं आणि नवं स्टील घ्यायचं ही रीत अजून चालू आहे, आणि त्या ढिगात समईचा पाय, लामणदिव्याची साखळी, एखादा पितळी टाकीचा कंदील दबलेला असतो. दुसरी वाट पडक्या वाड्याची. भावाभावांत वाटणी झाली, माळवद उतरवलं, सागवानी तुळया आणि दारं विकून झाली की उरतं ते माळ्यावरचं अडगळीचं सामान. उचलून नेणाऱ्याला ते बहुतेक वेळा फुकटच मिळतं. तिसरी वाट लिलावाची. या तिन्ही वाटा शेवटी भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन मिळतात आणि तिथून आमचं काम सुरू होतं.

मी घरं सजवून देते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कधी नांदेड-परभणी. हळदीचा पैसा आला, नवा बंगला झाला, की दिवाणखान्याच्या कोपऱ्यासाठी ‘एखादा जुना कंदील बघा ना ताई’ अशी मागणी हमखास येते. गिऱ्हाइकाला दिसतो तो भिंतीवर लटकलेला तयार कंदील. त्याआधी त्याच्याभोवती किती गोष्टी रचल्या गेल्या, हे त्याला माहीत नसतं. भंगारवाल्याच्या काट्यावर तो किलोचा माल असतो. दलालाच्या हातात गेला की निजामाचा होतो, आणि तोच मुंबईच्या चोर बाजारात पोचला की इंग्रज साहेबाचा. माझा शिरस्ता ठरलेला आहे: गोष्ट पूर्ण ऐकून घ्यायची, चहा प्यायचा आणि मग कंदील उलटा करायचा.

आमच्याकडचे एक चाचा या धंद्यात मुरलेले. एकदा त्यांनी गोणपाटात गुंडाळलेला कंदील काढला. लहान चणीचा, पत्र्याचा, हिरवट रंग उडालेला, काच मात्र शाबूत. ‘‘ताई, हा खास निजामाच्या तहसील कचेरीतला. रझाकाराच्या टायमाला मुन्शी हाच घेऊन फिरायचा.’’ मी कंदील हातात घेऊन फिरवला. पत्र्यावर ‘फॉयरहँड’ हे नाव उमटवलेलं होतं आणि खाली ‘मेड इन वेस्टर्न जर्मनी’. आता फॉयरहँड हा हर्मान निअरचा सॅक्सनीमधल्या बायरफेल्डचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग पूर्व जर्मनीत गेला आणि धंदा पश्चिमेकडे नव्याने मांडावा लागला. पश्चिम जर्मनी हा देशच 1949 चा. हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात होती ते भारतात आलं सप्टेंबर 1948 मध्ये. म्हणजे हा कंदील जर्मनीतून निघायच्या आधीच निजामाच्या बाजूने लढणारे रझाकार संपले होते.

मी हे चाचांना सांगितलं. त्यांनी शांतपणे पान जमवलं आणि म्हणाले, ‘‘लेकिन ताई, निजाम तर 1967 पर्यंत जिंदा होता ना?’’

हिशेबाने ते बरोबर होतं. मीर उस्मान अली खान 1967 मध्ये वारले, आणि 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुखही होते. तेव्हा कंदील निजामाच्या हयातीतला असू शकतो, हे नाकारता येईना. मी तो घेतला, पण निजामाचे पैसे वजा करून.

शिक्का वाचणं ही यातली पहिली पायरी. जुन्या फॉयरहँडवर नुसतं ‘जर्मनी’ असेल तर तो बहुधा युद्धाआधीचा, ‘वेस्टर्न’ असेल तर नंतरचा. अमेरिकेतल्या डिट्झ कंपनीचंही तसंच. रॉबर्ट एडविन डिट्झने 1840 मध्ये दिव्यांचा धंदा सुरू केला आणि शंभर वर्षं तिचे कंदील न्यूयॉर्क राज्यातून जगभर गेले. 1950 च्या दशकात तिने कंदिलांचं बरंचसं काम हाँगकाँगला हलवलं. त्यामुळे डिट्झवर ‘हाँगकाँग’ दिसलं की ‘आजोबांच्या आजोबांचा’ ही गोष्ट तिथेच थांबवावी. हे शिक्के टाकीच्या बुडाला, वरच्या टोपीवर किंवा बाजूच्या नळ्यांवर असतात, आणि रंगाचे थर चढल्याने बोटाला आधी लागतात, डोळ्याला नंतर दिसतात.

त्या बाजूच्या नळ्यांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण खरेदीला आलेला प्रत्येक जण त्यांना कंदिलाचा सांगाडा समजतो. त्या हवेच्या वाटा आहेत. जॉन अर्विन या अमेरिकी माणसाने 1860 आणि 1870 च्या दशकांत या नळ्यांची युक्ती काढली. त्याच्या पहिल्या पद्धतीत ज्योतीवरची गरम हवाच नळ्यांतून पुन्हा बर्नरखाली यायची, दुसरीत बाहेरची ताजी थंड हवा येते. ताज्या हवेच्या कंदिलाचा उजेड जास्त. वारा आला तरी ज्योत फडफडत नाही ती या नळ्यांमुळे. नळी चेपलेली किंवा डाग देताना आतून बुजलेली असेल तर कंदील दिसायला कितीही देखणा असो, पेटवला की काच काळी करणार. नुसता टांगायचा असेल तर चेपलेली नळी चालेल. मग पैसेही तसेच द्यावेत.

गोष्टींवर विश्वास ठेवू नये हे हिंगोलीच्या माणसाला मी वेगळं सांगायची खरं तर गरज नाही. हा धडा या गावाने फार पूर्वी घेतला आहे. हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी इथे होती. ते सैन्य 1903 मध्ये भारतीय लष्करात मिसळून गेलं, पण त्याआधी जवळजवळ शतकभर छावणीचा बाजार गजबजलेला होता. ठगांच्या बंदोबस्ताच्या काळातल्या इंग्रजी कागदपत्रांत याच बाजारातला एक किस्सा आहे. हरिसिंग नावाचा कापडाचा एक प्रतिष्ठित व्यापारी. मुंबईहून कापड आणायचं आहे म्हणून त्याने छावणीच्या साहेबाकडून रीतसर परवाने घेतले. दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा तसाच माल वाटेवर आहे, हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना त्याने वाटेत संपवलं, माल आपल्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता हे नंतर उघड झालं. कागद अस्सल होते, साहेबाची सही खरी होती, गिऱ्हाईकही खूश होतं.

ही गोष्ट मी एका दलालाला सांगितली. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या खेपेला तो ‘ठगांच्या काळातला छावणीचा कंदील’ घेऊन आला. त्याला मी बर्नर दाखवला. चपटी वात, ती वर-खाली करायची चकती, सगळी रॉकेलची मांडणी. ठगांचा बंदोबस्त 1830 च्या दशकातला, आणि अमेरिकेत तेलाची पहिली नावाजलेली विहीर लागली 1859 मध्ये. रॉकेल आपल्या गावांपर्यंत पोचलं त्याच्याही बऱ्याच नंतर. ठगांच्या काळी इथे करडई, जवस, एरंडाच्या तेलाचे दिवे, नाहीतर साहेबाच्या तंबूत मेणबत्ती. दलाल खट्टू झाला नाही. ‘‘बर्नर नंतर बसवला असंल,’’ म्हणाला. धंद्यात टिकायचं तर अशी तयारी हवी.

रेल्वेच्या कंदिलांची कथा वेगळी, आणि तिथे मी जरा जपूनच असते. पूर्णा-हिंगोली-अकोला हा मार्ग मीटरगेजचा होता. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून जायची. 2008 च्या आसपास ब्रॉडगेज झालं, त्याआधीच हातातल्या बॅटऱ्या आल्या होत्या, आणि गार्ड, पोर्टर, पॉइंट्समन यांच्या हातातले जाड पत्र्याचे दिवे अडगळीत गेले. हा दिवा मला मनापासून आवडतो. पुढे भिंगासारखी जाड काच, आत फिरणारी चकती, तिच्यात लाल आणि हिरवी काच. वरची टोपी फिरवली की रंग बदलतो. दिवाणखान्यात असा एक ठेवला की घरातली पोरं, म्हातारे, पाहुणे सगळे तो फिरवून बघतात. कंदील नुसता बघायला नसावा, हाताळायलाही असावा, या मताची मी असल्याने मला हे फार पटतं.

पण दोन गोष्टी. रेल्वेच्या मालमत्तेसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. रेल्वेची वस्तू तुमच्याकडे बेकायदा आली असल्याचा वाजवी संशय आला तर ती रीतसर मिळवली हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून लिलावाची पावती नसेल तर रेल्वेच्या खुणेचा दिवा मी कुणाच्या घरी नेत नाही. पावती मिळाली की ती दिव्याच्या मागे चिकटवून देते. (हरिसिंगाकडेही कागद होते, हे माझ्या डोक्यात असतंच.)

दुसरी गोष्ट हिरव्या काचेची. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की दिव्याची काच कुणीतरी बदलली. हिरवी नाही, निळसर आहे. त्या घरात मी मुद्दाम संध्याकाळी गेले. आत पांढरा एलईडी लावला होता. जुन्या सिग्नलच्या काचा निळसर हिरव्या असतात, कारण त्यांच्यामागे रॉकेलची पिवळी ज्योत असायची. पिवळा उजेड त्या काचेतून गेला की लांबून स्वच्छ हिरवा दिसतो. पांढरा बल्ब काढून पिवळसर, मंद बल्ब लावला आणि काच हिरवी झाली. घरच्या आजोबांना यात काही नवल वाटलं नाही. ‘‘गाडी उभी ऱ्हायची तव्हा आम्ही रोज बघायचो,’’ एवढंच म्हणाले.

आता माझा सर्वांत लाडका कंदील, जो मला विकत मिळालाच नाही.

औंढ्याकडच्या एका गावातला वाडा उतरवायचा होता. ढाळज, चौक, मागे बाळंतिणीची खोली, अशी सगळी जुनी मांडणी. मुलांनी सामानाची यादी करून दिली होती. त्यात ‘कंदील 1’ असं होतं. तो कंदील वाड्यातल्या आजी स्वतः घेऊन आल्या, पदराने पुसत. पत्रा जाड, काच थोडी हिरवट, आणि त्यावर ‘प्रभाकर’. माझे डोळे चमकले असणार, कारण आजींनी तो लगेच मांडीवर ठेवला.

प्रभाकर म्हणजे ओगल्यांचा कंदील. कराडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. जागा औंध संस्थानाची. आमच्या भागात ‘औंध’ म्हटलं की लोकांना औंढा नागनाथच ऐकू येतं, आणि एक दलाल तर प्रभाकर कंदील ‘आपल्याच औंढ्याला बनत होता’ असं बिनदिक्कत सांगतो. पण हे औंध सातारकडचं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं. त्यांच्याच राज्यात 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली होती. त्याआधी 1908 मध्ये तळेगावला अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, काच कारखाना निघाला होता. घराघरातून एकेक पैसा मागून काच करायची, ही तेव्हाची जिद्द. काच ही स्वदेशीतली सगळ्यात अवघड वस्तू. भट्टी विझली तर सगळंच गेलं, आणि कंदिलाची काच तर आतून तापणारी, बाहेरून पावसाचा थेंब पडला तरी न तडकणारी हवी. जर्मन आणि अमेरिकी मालासमोर ओगल्यांनी तो कंदील उभा केला आणि तो मराठी मुलखात घरोघर गेला. गाव सातारकडे आणि माल मराठवाड्यातल्या निजामाच्या मुलखात, तरीही हिंगोलीच्या शेतात, गोठ्यात आणि माजघरात प्रभाकर पोचलाच. विलायती कंदिलापेक्षा मी गिऱ्हाइकाला प्रभाकर सुचवते तो यासाठी. तो या घरांमध्ये खरोखर जळलेला आहे.

आजींना मी किंमत विचारली. त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या सगळ्या लेकरांचं तोंड मी ह्याच उजेडात बघितलं. ह्याची काय किंमत सांगू, माय?’’

मुलगा मागून म्हणाला, ‘‘आई, यादीत लिहिलंय ते.’’

‘‘मग यादी खोड.’’

कंदील मिळाला नाही, पण आजींनी अर्ध्या तासात मला जे शिकवलं ते कुठल्या दुकानदाराने शिकवलं नसतं. वात सरळ कापायची, पण दोन्ही टोकं किंचित खाली उतरती ठेवायची. टोकं उभी राहिली की ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच कडेने काजळते. काच पाण्याने धुवायची नाही. कोरडी राख आणि मऊ फडकं, आणि आत हात जात नसेल तर घरातल्या सर्वांत लहान लेकराचा हात. पेटवल्यावर लगेच ज्योत मोठी करायची नाही, काचेला आधी ऊब लागू द्यायची. आणि वात टाकीत बुडेपर्यंत लांब असली तरच तेल वर चढतं. ‘‘आजकालच्या सुना वात वीतभर ठेवतात अन् कंदिलाला नावं ठेवतात,’’ हे सुनेकडे बघत.

मी गिऱ्हाइकांना आता एक साधी परीक्षा सांगते, आणि तिचं मूळ त्या आजींकडे आहे. खऱ्या जुन्या कंदिलाची झीज कुठे असते ते बघा. माणसाने वर्षानुवर्षं जिथे हात लावला तिथेच ती असते. मुठीची तार जिथे टोपीच्या कानात अडकते तिथली भोकं लांबट झालेली असतात. वातीच्या चकतीचे दाते बोटाने गुळगुळीत झालेले असतात. काच वर उचलायची दांडी थोडी वाकडी असते. टोपीच्या आत, जिथे कुणाचं फडकं पोचत नाही, तिथे काजळीचा कडक थर असतो. आणि टाकीचं बूड बाहेरून झिजलेलं, कारण तो जमिनीवर आपटत ठेवला गेला.

बनवलेल्या ‘जुन्या’ कंदिलात झीज भलत्याच ठिकाणी असते. सगळ्या अंगावर सारखा हिरवा कळंक, आणि मुठीची भोकं मात्र गोल, कोरी. हा कळंक कसा येतो ते मला एका कारागिरानेच हसत हसत सांगितलं. नवसागराच्या पाण्याचे हात मारायचे, मिठाच्या ओल्या भुशात ठेवायचं, नाहीतर जमिनीत पुरून वर रोज पाणी. थोड्या दिवसांत पितळ शंभर वर्षांचं होतं. मुरादाबादेत आणि रुरकीत जहाजावरचे म्हणून पितळी दिवे मोठ्या प्रमाणावर बनतात, त्यावर लंडन-ग्लासगोची नावं कोरलेली असतात. ते बनवणं हा गुन्हा नाही, आणि काही दिवे खरोखर सुबक असतात. ‘नवा आहे, छान आहे’ म्हणून घ्या, मला आनंद आहे. फक्त खिशात लोहचुंबक ठेवा. पितळ म्हणून दिलेल्या दिव्याला ते चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर ‘राणी व्हिक्टोरियाच्या जहाजावरचा’ हे वाक्य तिथेच सोडून द्या. तसले स्क्रू 1930 च्या दशकात चलनात आले.

याच्या उलट दुखणं गिऱ्हाइकाकडून येतं. अस्सल जुना, तांबूस-काळपट पडलेला पितळी कंदील घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशी चिंच लावून त्याला आरशासारखा करतात. शिक्के बुजतात, कडा गोल होतात. मी आता चिठ्ठीच लावते: फक्त कोरडं फडकं. त्या चिठ्ठीवरही एकदा चिंचेचा डाग सापडला.

वयाबद्दल एक कायदेशीर भानगडही मध्येच येते. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची वस्तू म्हणजे पुरावशेष, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वसमतच्या एका घरातल्या, परदेशात राहणाऱ्या मुलाला दिव्याची काचेची हंडी न्यायची होती. खरेदी करताना वडिलांनी अभिमानाने सगळ्यांना सांगितलं होतं, ‘दीडशे वर्षांची बेल्जियमची हंडी’. विमानतळाची आठवण करून दिली तेव्हा तेच म्हणाले, ‘‘नाही हो, असंल पन्नास-साठ वर्षांची.’’ वस्तूचं वय एका मिनिटात शंभर वर्षांनी उतरलेलं मी तेव्हाच पाहिलं. शेवटी पुरातत्त्व खात्याकडे दाखवून पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र काढावं, असा सरळ मार्ग ठरला. डोळा तयार करायचा असेल तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन दिव्यांचं दालन बघा, असं मी सगळ्यांना सांगते. दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलेलं ते संग्रहालय. तिथून आलेला माणूस भंगारवाल्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

ग्यासबत्तीचं प्रकरण थोडक्यात उरकते. पेट्रोमॅक्स ही बर्लिनच्या एहरिश आणि ग्रेट्झ कंपनीची, माक्स ग्रेट्झच्या नावावरून ओळखली जाणारी बत्ती. वराती, कीर्तनं, जत्रा, तमाशाचा फड, दसऱ्याला आमच्या रामलीला मैदानावरची दुकानं, सगळीकडे ती सूं सूं करत जळली. लोकांना तिची ओढ असते, पण घरात टांगायला ती जड आणि धोक्याची. पंपाने दाब भरायची टाकी जुनी झाली की तिचा भरवसा नाही. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, ते किरणोत्सारी; फुटलेल्या मेंटलची भुकटी पोरांनी हाताळू नये आणि तिच्यावर फुंकरही मारू नये. जगभरच्या मेंटलना लागणारं हे थोरियम एके काळी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून जायचं, हे सांगितलं की गिऱ्हाईक बत्तीपेक्षा त्या वाळूतच जास्त रमतं. बत्ती हवीच असेल तर मेंटल काढून, टाकी रिकामी करून, शेल्फवर ठेवावी.

निवड झाली की खरी कटकट सुरू होते ती टांगण्याची. आमच्या जिल्ह्यात याला एक खास कारण आहे. वसमत, औंढा, कळमनुरी तालुक्यांत जमिनीखालून गडगडाट येतो, पांगरा शिंदेच्या लोकांना तो पाठ आहे. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ 3.6 चा, आणि 10 जुलैला पुन्हा 4.5 चा. त्या मार्चच्या सकाळी कळमनुरीच्या एका घरात सगळ्यांच्या आधी जाग आली ती कंदिलाला. त्याच्या काचेची किणकिण ऐकून घरातली माणसं बाहेर पळाली. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची. त्या घरचे काका आता पाहुण्यांना सांगतात की सरकारच्या आधी यंत्र आमच्याकडे बसलंय.

तेव्हा माझा नियम: कंदील पलंगावर किंवा सोफ्यावर टांगायचा नाही, आणि खिळ्यावर तर नाहीच. जुन्या वाड्यात झोपाळ्याची कडी असेल तर ती सगळ्यात उत्तम, कारण ती माणसं झुलवायलाच केलेली. नव्या घरात स्लॅबमध्ये रीतसर आकडा, साखळी आखूड, आणि काच पिंजऱ्याच्या तारेत नीट बसलेली. काच बाहेर काढून बघा. खालच्या कडेला केसासारखी चीर असेल तर तो कंदील टेबलावर ठेवा, टांगू नका.

विजेचा बल्ब बसवताना टाकीला भोक पाडणाऱ्या इलेक्ट्रिशियनशी माझं कायमचं भांडण आहे. भोक पाडलं की तो कंदील कंदील राहत नाही आणि पुढे त्याची अर्धी किंमतही येत नाही. बर्नर जपून काढून ठेवायचा, त्याच्या तोंडात लहान होल्डर बसवायचा, तार नळीच्या मागून उतरवायची. बल्ब दोन-तीन वॅटचा, ज्योतीच्या रंगाचा. जास्त उजेडाचा लावला की पत्र्यावरची सगळी ठिगळं उघडी पडतात. कुणाला उद्या तो पेटवावासा वाटला तर होल्डर काढून बर्नर परत बसला पाहिजे.

हे शेवटचं मी सवयीने सांगत असे. पण सेनगावच्या एका घरातून उन्हाळ्यात रात्री फोन आला. वळवाच्या वाऱ्याने खांब पडला होता, गाव अंधारात. बाई वैतागून म्हणाल्या, ‘‘ताई, लाइट गेली की तुमचा कंदील पण जातो होय!’’

मी फोनवरच होल्डर कसा काढायचा ते सांगितलं, बर्नर कपाटातल्या कुठल्या पिशवीत आहे तेही. थोड्या वेळाने पुन्हा फोन: पेटत नाही, वात नुसती धुरकटते. तेल कुठलं घातलं विचारलं तर गोडेतेल. ते दाट, चपट्या वातीतून वर चढत नाही. रॉकेल घाला म्हटलं, तर रेशनवर ते येणं कधीच बंद झालेलं आणि दुकानात कुणी ठेवत नाही. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्यांनी फवारणीच्या पंपाचे वॉशर भिजवायला जपून ठेवलेली बाटली निघाली. तेव्हापासून माझ्या कामात एक कंदील मी तारेशिवाय देते, वात कापून, काच पुसून, बर्नर जागेवर. तेलाची सोय मात्र घरमालकाने आधीच करून ठेवायची, हे पावतीवर लिहून घेते.